समोरचा पत्ता

कोटाचा आतला डावा खिसा तिनं उलटा केला, तेव्हा आधी बसचं तिकीट पडलं, मग खोकल्याच्या गोळीचा कागद आणि सगळ्यात शेवटी चार घड्या घातलेलं एक पत्र.

खिसे तपासल्याशिवाय कपड्याला कात्री लावायची नाही, हा तिच्या आईचा नियम. सापडेल ते कापडी पिशवीत घालायचं, पिशवीला कपड्याचा नंबर टाचायचा आणि जसंच्या तसं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं. वाचायचं मात्र नाही. चौदा वर्षांत तिनं लोकांची प्रेमपत्रं, राजीनामे आणि सासूच्या कागाळ्या अशाच न वाचता परत केल्या होत्या. हे पत्रही पिशवीत गेलं असतं, पण वरच्या घडीवर पेनानं ठळक लिहिलं होतं : 'ठिगळसाठी'.

नावाची हकीकत आधीच सांगून टाकलेली बरी. ती आठ वर्षांची असताना तिचे वडील पोटाच्या दुखण्यानं गेले. वय अडतीस. दुखण्याचं नाव तेव्हा कुणी मोठ्यानं घेत नसे. शेवटच्या वर्षात आईनं त्यांच्या पँटीची कंबर तीनदा आत घेतली, तेवढंच पोरीच्या लक्षात राहिलं. वडील आणि थोरले काका यांचं शिवणकामाचं दुकान सामाईक होतं, आणि मापाची वही आई लिहायची. वडील गेले त्याला महिना झाला नाही तोच काकानं भर दुकानात सांगून टाकलं की ही पोर माझ्या भावाची नाही. काकूनं री ओढली, "आमच्या कापडातलं नाहीच ते. ठिगळ आहे ठिगळ." आईनं हातातली वही मिटून टेबलावर ठेवली, पोरीचा हात धरला आणि ती बाहेर पडली. निम्मं दुकान मागं राहिलं. नाव मात्र बरोबर आलं. ते गल्लीतल्या पोरांनी उचललं आणि तिच्याआधी शाळेत जाऊन पोचलं.

आई पुढं एकवीस वर्षं लोकांच्या उशांचे अभ्रे शिवत राहिली. काका खोटं बोलला, असं ती मरेपर्यंत एकदाही म्हणाली नाही. म्हणायची, "ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायचं कशाला? आणि ज्याला ठाऊक नाही त्याला पटायचं कशानं?"

लेकीचा स्वभाव काही असा समजूतदार नव्हता. आई गेल्यावर तिनं काकाच्या दुकानाच्या बरोबर समोरचा गाळा भाड्यानं घेतला आणि वर पाटी लावली : 'ठिगळ. जुने कपडे दुरुस्त करून मिळतील.' अक्षरं हातभर उंचीची. सकाळी साडेआठला शटर वर करून काका वळला की जगातली पहिली गोष्ट तीच दिसावी, एवढ्यासाठी. अशी चौदा वर्षं झाली. एका रस्त्याच्या दोन काठांना दोन दुकानं, आणि एकमेकांशी शब्द नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही शाबूत होता.

आणि काल अचानक वहिनी रस्ता ओलांडून आली होती. काकाच्या एकुलत्या एका मुलाची बायको. तो मुलगा गेल्या वर्षी गेला. चार वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरचं निघालं, मग शस्त्रक्रिया, मग औषधं, मग काही नाही. त्याचाच कोट वहिनीनं टेबलावर ठेवला.

"मुलाला होईल असा करून द्या. त्याची मुलाखत आहे."

"तुमच्याकडे बारा मशिनी असताना?"

"आमच्याकडे जुन्याला हात लावत नाहीत. मामंजींचा नियम आहे."

दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"खिसे बघता ना तुम्ही?"

"बघते."

"बरं," म्हणाली आणि गेली.

ठिगळनं पत्र उलगडलं. मोठ्या हॉस्पिटलच्या आनुवंशिक विभागाचं होतं. रुग्णाला झालेल्या कॅन्सरमागे एका जनुकातला जन्मजात बदल सापडला आहे; हाच बदल त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांत असू शकतो; तसा तो असल्यास मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो, परंतु वेळेवर तपासण्या केल्यास टाळताही येतो; तरी हे पत्र नातेवाइकांना द्यावं आणि त्यांनी ते घेऊन विभागात यावं. खाली त्या बदलाचा लांबलचक क्रमांक.

'रक्ताच्या नातेवाइकांत' हे शब्द तिनं तीनदा वाचले. दुसऱ्या कुणाच्या पायाखालची जमीन सरकली असती. हिला आनंद झाला, लपवण्यात काय अर्थ? पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातात हत्यार दिलं होतं, आणि तेही काकाच्या घरातून.

*

हॉस्पिटलातली सल्लागार जेमतेम तिशीची होती. टेबलावर पेन्सिली टोक करून ओळीनं मांडलेल्या. तिनं कोऱ्या कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढायला सुरुवात केली; चौकोन पुरुषांचे, वर्तुळं बायकांची. ज्यांना आजार झाला ते ती काळे करायची. चुलतभाऊ काळा झाला. वडिलांबद्दल विचारून तिनं त्यांचाही चौकोन काळा केला.

"या जनुकाचं काम दुरुस्तीचं असतं," ती सांगू लागली. "शरीरात पेशी सारख्या नव्या होत असतात. नक्कल करताना चुका होतात. हे जनुक त्या चुका शोधून नीट करतं. त्यातच बिघाड असला की चुका साठत जातात."

"म्हणजे दुकानातला रफूवालाच रजेवर."

सल्लागार हसली. "असं कुणी सांगितलं नव्हतं मला. हो, तसंच. आता आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे बदल पुष्कळ आहेत. बरेचसे किरकोळ, थोडी थोडी भर घालणारे. तुमच्या घराण्यातला मात्र मोठा आहे. ज्यांच्यात असतो त्यांच्यातल्या दहापैकी चार-पाच जणांना कधी ना कधी त्रास होतो. वडिलांमध्ये होता असं धरलं, तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. नसेल तर प्रश्नच मिटला."

"नसेल तर काय सिद्ध होईल?"

"काय म्हणजे?"

"मी त्यांचीच मुलगी आहे, हे सिद्ध होईल का?"

सल्लागारनं पेन्सिल खाली ठेवली. "नाही. नसला तर काहीच सिद्ध होणार नाही. असला तर... हा नेमका बदल फार दुर्मिळ आहे. या घराण्याबाहेर आम्ही तो पाहिलेला नाही."

"मग तो निघायला हवा."

"बाई, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?"

"मला बरं कळतंय. तुम्ही रक्त घ्या."

रक्त घेऊन झाल्यावर सल्लागारनं तिच्या वर्तुळाखाली एक रेघ ओढली आणि विचारलं, "मुलं किती?"

"एक लेक. विसाची."

रेघेखाली छोटं वर्तुळ आलं. सल्लागारनं त्याच्या आत प्रश्नचिन्ह काढलं. "तुमच्यात निघालं, तर तिच्यातही शक्यता निम्मी," ती म्हणाली. त्या प्रश्नचिन्हाकडे बघत ठिगळ बराच वेळ दंडावरचा कापूस दाबून बसली. रक्त केव्हाच थांबलं होतं.

हे लेकीला सांगावं लागलं. लेक जेवायला बसली होती; तिनं घास तसाच ठेवला.

"म्हणजे मला कॅन्सर व्हावा म्हणून तू वाट बघतेयस?"

"तुला नाही. मला."

"तुझ्यातूनच येणार ना मला? का समोरच्या दुकानातून येणार?"

"तुझ्या आजीला त्यांनी काय काय म्हटलं, ते तुला..."

"माहितीये. मी पोटात असल्यापासून ऐकतेय." लेक उठली, ताट उचललं, मग आईकडे बघून पुन्हा बसली. "आई, आजी गेली. तिला आता कुणी काही म्हणत नाही. तू एकटीच म्हणतेस, रोज, त्या पाटीवर."

ठिगळला राग आला, आणि त्या रागात तिनं कोट उसवायला घेतला. खांदे आत घेतले, अस्तर बदललं, बाह्या दीड बोट वर घेतल्या. काम चोख झालं. काकाच्या शिवणीत तिला कुठं खोट सापडेना, याचाही तिला राग आला.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. तोच बदल, तोच क्रमांक, शेवटच्या आकड्यापर्यंत. सल्लागारनं आवाज मऊ केला होता, पाण्याचा पेला पुढं सरकवला होता. ठिगळनं एकदाच टाळी वाजवली. बाहेर रांगेत बसलेल्या माणसांनी माना वळवून पाहिलं.

"दुर्बिणीची तपासणी लगेच करू," सल्लागार म्हणाली. "येत्या मंगळवारी. तुमचं वय त्रेचाळीस. खरं तर ही तपासणी पंचविशीपासून दर वर्ष-दोन वर्षांनी व्हायला हवी होती. निदान घरात कळलं तेव्हापासून तरी. पत्र तुम्हाला इतक्या उशिरा का मिळालं?"

"आम्ही एकमेकांशी बोलत नाही."

"लांब राहता का?"

"नाही," ठिगळ म्हणाली. "तसं लांब नाही."

*

तिनं वेळ निवडली ती भर गर्दीची, सकाळी अकराची. इस्त्री केलेला कोट डाव्या हातावर, अहवाल उजव्या हातात. रस्ता ओलांडायला तीस पावलं लागली. पस्तीस वर्षांत या उंबऱ्याच्या आत तिचा पाय पडला नव्हता.

दुकानात काही बदललं नव्हतं. बारा मशिनी, मधे लांब टेबल, कोपऱ्यात मापाची वही. आणि माप घेण्याची पद्धतही तीच. माप घेणारा आकडा मोठ्यानं पुकारायचा, वही लिहिणारीनं तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच लिहायचा, म्हणजे चुकीला जागा राहत नाही. वडील पुकारायचे आणि आई परत म्हणायची. आता सत्त्याहत्तर वर्षांचा काका एका गिऱ्हाइकाची छाती मोजत होता आणि वहीवर वहिनी बसली होती.

"छाती अडतीस."

"छाती अडतीस," वहिनी म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या ठिगळला पाहून तिचं पेन थबकलं.

ठिगळनं कोट तिच्यापुढं ठेवला. मग सरळ टेबलाशी गेली, आणि पसरलेल्या निळ्या कापडावर, खडूच्या रेघांच्या मधोमध, अहवाल ठेवला.

"वाचा, काका."

काकानं चष्मा लावला. वाचलं. अगदी सावकाश, गिऱ्हाइकानं आणलेलं कापड पारखतो तसं. मशिनी एकेक करून थांबल्या.

"मग?"

"मग काय? जे तुमच्या मुलाच्या अंगात होतं तेच माझ्या अंगात आहे. आकड्याला आकडा लावून बघा. हे माझ्या आईकडून आलेलं नाही. हे तुमच्या घरातनं आलंय, तुमच्या भावाकडनं. माझी आई खोटी नव्हती." शेवटचं वाक्य ती इतक्या मोठ्यानं बोलली की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक चोरासारखं बाकावर जाऊन बसलं.

काकानं चष्मा काढला आणि पुसला.

"ती खोटी आहे असं मला कधी वाटलं?"

"तुम्हीच म्हणालात. इथंच उभे राहून."

"म्हणालो. म्हणणं वेगळं आणि वाटणं वेगळं." तो तिच्याकडे बघत नव्हता, कापडावरची सुरकुती हातानं सारखी करत होता. "एका कापडावर दोन कात्र्या चालत नाहीत. भाऊ होता तोवर चालवलं. तो गेल्यावर वहीवर बसलेली बाई उद्या मालकीण झाली असती. तुझे कान बघ आरशात. भावाचेच आहेत. दुकानातल्या कुणाला ठाऊक नव्हतं?"

बंद दार फोडायला खांदा लावावा आणि दार आधीच उघडं असावं, तशी ती आतल्या आत आपटली. पस्तीस वर्षं ती ज्या खोट्याशी भांडत होती ते खोटं कुणाला खरं वाटतच नव्हतं. आईला हे माहीत होतं. म्हणून ती गप्प होती. आणि ही खुळी, स्वतःच्या रक्तात मरण निघावं म्हणून टाळी वाजवून आली होती.

"हेही वाचा," वहिनी म्हणाली.

तिनं खण उघडून एक फाइल काढली होती.

"सूनबाई, ते ठेव आत."

"नाही मामंजी. आता नाही." ती उठून आली आणि एक कागद तिनं ठिगळच्या हातात दिला. "ह्यांचं दुखणं निघालं तेव्हा हॉस्पिटलनं मामंजींकडून लिहून घेतलं होतं, घराण्यात कोण कोण आहे ते. जितकं खरं सांगाल तितकं मुलाचं निदान नेमकं होईल, असं म्हणाले होते. ही त्याची प्रत. ह्यांनी जाताना मला सांगितलं होतं, ते पत्र समोर दे म्हणून. मला धीर व्हायला वर्ष गेलं. तेवढा दोष माझाही आहे."

तेच चौकोन, तीच वर्तुळं. बाजूला काकाचं तिरपं अक्षर, मापाच्या वहीत असतं तसं. धाकटा भाऊ, त्याचा चौकोन काळा. त्याखाली रेघ. रेघेखाली वर्तुळ, आणि वर्तुळाशेजारी : 'धाकट्या भावाची मुलगी. सख्खी. वय ३९. पत्ता : माहीत नाही.'

ठिगळनं मान वर केली. दुकानाच्या काचेतून समोर तिची पाटी दिसत होती. हातभर अक्षरं. चष्म्याविनाही वाचता येतील अशी.

मुलाचा जीव पणाला लागला तेव्हा म्हाताऱ्यानं मापात खोटेपणा केला नव्हता. सख्खी म्हणून लिहिलं होतं. आणि तिच्या जिवाची पाळी आली तेव्हा त्याच ओळीत, त्याच पेनानं, तिचा पत्ता गिळून टाकला होता.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं तुम्ही रोज सकाळी ही पाटी वाचलीत."

काका पुन्हा कापडावरची सुरकुती सारखी करू लागला.

"का?"

"सख्खी म्हणून पत्र दिलं असतं, तर तू ते पत्र घेऊन आली असतीस," काका म्हणाला. "आज आलीस तशीच."

हे मात्र खरं होतं, आणि त्यानं ती अधिकच पेटली. तिनं तो कागद टेबलावर आपटला आणि काकाच्या कानावरची पेन्सिल काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"पत्ता लिहा."

"आता काय उपयोग?"

"लिहा. 'माहीत नाही' खोडा आणि लिहा."

बारा जणं बघत होती. बाकावरचं गिऱ्हाईक बघत होतं. काकानं पेन्सिल उचलली. रेघ सरळ आली. 'माहीत नाही' खोडून त्यानं वर लिहिलं : 'समोर'.

"तारीख."

"तारखेचं काय काम आहे?"

"या दुकानात मापाखाली तारीख घालतात. आजची घाला."

त्याला कळलं. तारीख नसती तर उद्या कुणालाही वाटलं असतं की म्हाताऱ्यानं तेव्हाच सारं नीट लिहून दिलं होतं. त्यानं आजची तारीख घातली आणि पेन्सिल खाली ठेवली. ठिगळनं कागदाची घडी घालून ती कोटाच्या आतल्या डाव्या खिशात सरकवली, नातवाच्या हाताला लागेल अशी. आजोबा काय चीज आहे, ते पोरालाही कळू दे.

"पोराला तपासायला नेलंत का?" तिनं वहिनीला विचारलं.

"मामंजी नको म्हणतात. स्वतःचीही करून घेतली नाही. म्हणतात, घरातलं जायचं ते गेलं."

तेव्हा पहिल्यांदा ठिगळनं काकाला नीट पाहिलं. म्हणजे तोंडाकडे नाही. शिवणकामाच्या माणसाची नजर तोंडावर फार वेळ ठरत नाही. तिनं कंबर पाहिली. पट्ट्याखाली पँटीला चुण्या पडल्या होत्या. पट्ट्याला हातानं पाडलेली दोन नवी भोकं होती. बारा मशिनींच्या दुकानात जुन्याला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून मालकाची पँट कुणी आत घेतली नव्हती.

तीनदा आत घेतलेली कंबर तिला आठवली. आई दोरा दातानं तोडायची, आणि वडील म्हणायचे, तुझ्या हातचं जेवण कमी पडतंय वाटतं.

आता तिनं फक्त गप्प बसायचं होतं. बाकी काहीही करायची गरज नव्हती. रस्ता ओलांडायचा, मशिनीवर बसायचं आणि रोज सकाळी साडेआठला समोर बघायचं. उद्या कुणी विचारलंच, तर म्हणायचं, मला काय माहीत? फिटंफाट झाली असती. तिला तो विचार गोड लागला, आणि तो गोड लागतोय हे कळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

मग तिनं काकाच्या गळ्यातला टेप ओढून काढला.

"सरळ उभे राहा."

साठ वर्षं हेच वाक्य त्यानं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. तो सवयीनं सरळ उभा राहिला. तिनं टेप त्याच्या कमरेभोवती फिरवला, पुढं जुळवला आणि भर दुकानात पुकारलं,

"कंबर तीस."

"कंबर तीस," वहिनी सवयीनंच म्हणाली, आणि तिनं लिहिलंही. मग काहीतरी सुचून तिनं वहीची पानं मागं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. "गेल्या वर्षी काळी पँट शिवली तेव्हा..." तिनं सासऱ्याकडे पाहिलं. "चौतीस आहे."

कुणी मशीन सुरू केली नाही.

"टेप घट्ट धरलास तू," काका म्हणाला.

"दोन बोटं आत आहेत."

त्यानं खाली पाहिलं. तिची दोन बोटं टेपच्या आत होती. आडवी, एकावर एक, जशी त्याचा भाऊ धरायचा.

"आईनं शिकवलंय," ती म्हणाली.

टेप परत त्याच्या गळ्यात घालून ती दाराकडे वळली. उंबऱ्यात थांबली, पण मागं वळून पाहिलं नाही.

"मंगळवारी सकाळी नऊला मी हॉस्पिटलात जायला निघणार आहे. यायचं तर या. पोरालाही आणा. पत्ता विचारत बसू नका, मला माहीत आहे."

*

मंगळवारी समोरचं शटर वर गेलं नाही. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. आदल्या दिवसापासून पोटात औषध आणि पाणी सोडून काही नव्हतं, त्यामुळं ठिगळचं डोकं हलकं झालं होतं. लेक तिच्या सोबतीला म्हणून पिशवी घेऊन तयार होती. तिची स्वतःची रक्ताची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. ती तिनंच, आईला न विचारता, ठरवली होती.

"आई, ते बघ."

पडदा बाजूला न करताच ठिगळनं फटीतून पाहिलं. बंद शटरसमोर, रस्त्याच्या त्या काठाला, काका उभा होता. वहिनी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला नातू. नातवाच्या अंगावर तो कोट होता, खांद्यात अगदी बरोबर बसलेला, आणि त्याचा एक हात आतल्या डाव्या खिशात होता. काकानं स्वतःच्या कोटाची सगळी बटणं लावली होती आणि तो समोरच्या पाटीकडे बघत होता. बघायला दुसरं काही नव्हतंच.

"नऊ वाजले," लेक म्हणाली. "चल ना."

"बस जरा."

"अगं, ते थांबलेत."

"थांबू देत."

ती मशिनीच्या स्टुलावर बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून. काटा एक घर पुढं सरकला. मग आणखी एक. पलीकडे म्हाताऱ्यानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. लेक आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तिनं पिशवी खाली ठेवली.

वर्षाला एक, अशी चार मिनिटं तिनं त्याला उभं ठेवलं. त्याहून जास्त तिला जमलं नाही.